देठ, दोरा आणि पाणी : बारामती-इंदापूरचे फुलकाम

झाडावरून खुडलेले फूल लगेच मरत नाही. मुळांकडून येणारे पाणी आणि पानांकडून येणारी साखर तुटली, तरी त्याच्या पेशी श्वास घेत राहतात, देठ पाणी वर ओढत राहतो, आणि साठवणीतली साखर संपेपर्यंत किंवा पाण्याची वाट बंद होईपर्यंत ते उमलत व दरवळत राहते. हार गुंफणारे, पुष्पगुच्छ बांधणारे आणि मांडव सजवणारे कारागीर या उरलेल्या आयुष्यावर आपला व्यवसाय उभा करतात, मग ते आयुष्य मोगऱ्याच्या कळीसारखे एका संध्याकाळचे असो किंवा कार्नेशनसारखे दोन आठवड्यांचे असो. रंगसंगती हेच या कामाचे मर्म आहे असे बहुतेकांना वाटते, परंतु रंग जुळवणे हा त्यातला शेवटचा आणि तुलनेने सोपा भाग आहे. फूल कोणत्या अवस्थेत खुडले, कशात बांधून आणले, कुठून टोचले आणि कोणत्या पाण्यात उभे केले, यावर त्या कामाचा कस लागतो. आणि पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती व इंदापूर या तालुक्यांत, जिथे पाण्याचा हिशेब प्रत्येक उद्योगाला मांडावा लागतो, ही गोष्ट विशेष स्पष्टपणे दिसते.

हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. नीरा डाव्या कालव्याचे पाणी १८८५ च्या सुमारास या भागात फिरले, त्यापाठोपाठ ऊस वाढला, आणि विसाव्या शतकात माळेगाव, सोमेश्वर व भवानीनगर येथील सहकारी साखर कारखान्यांभोवती जी सुबत्ता आली तिने फुलांना मोठे गिऱ्हाईक मिळवून दिले. मंगल कार्यालयांतील लग्ने, वास्तुशांती, सत्कार, निवडणुकांनंतरच्या मिरवणुका, दुकानांची उद्घाटने आणि गावोगावच्या यात्रा यांमुळे येथील फूलविक्रेत्याला वर्षातले थोडेच दिवस मोकळे मिळतात. फुले मात्र मुख्यतः बाहेरून येतात. पुण्याच्या गुलटेकडी येथील मार्केट यार्डातील फूलबाजार हा या भागाचा मोठा आधार आहे, आणि तिथे पुरंदर, हवेली, दौंड या शेजारच्याच तालुक्यांतून शेवंती, झेंडू व ॲस्टर मोठ्या प्रमाणावर येतात. म्हणजे दौंडच्या शेतात उमललेले फूल कित्येकदा आधी पश्चिमेला पुण्यात जाते आणि मग तेवढाच रस्ता उलटा कापून बारामतीच्या दुकानात पोहोचते. पुण्यापासून बारामती सुमारे १०० आणि इंदापूर सुमारे १३५ किलोमीटर असल्याने, दुपारच्या उन्हात हा प्रवास केलेला माल संध्याकाळपर्यंत अर्ध्या किमतीचा होतो, म्हणून रात्री भरणे आणि पहाटे उतरवणे ही या व्यापाराची अपरिहार्य रीत ठरली आहे.

बाजारात फुलांचे दोन मोठे वर्ग पडतात. पहिला सुट्ट्या फुलांचा, म्हणजे देठाविना किलोवर विकल्या जाणाऱ्या झेंडू, शेवंती, गुलछडी, कापरी आणि सुट्ट्या ॲस्टरचा. दुसरा काडीच्या फुलांचा, म्हणजे लांब देठासह जुडीने किंवा नगावर विकल्या जाणाऱ्या डच गुलाब, जर्बेरा, कार्नेशन, ग्लॅडिओलस, लिलियम आणि ऑर्किडचा. डच गुलाबाची जुडी २० नगांची, तर जर्बेराची १० नगांची असते. हा भेद केवळ मोजमापाचा नाही. सुट्ट्या फुलाला पुन्हा पाणी पाजता येत नाही, त्यामुळे त्याचा सारा विचार आहे तो ओलावा टिकवण्याचा असतो. काडीच्या फुलाला देठ असतो, म्हणून त्याला पाणी पाजत राहणे हे कारागिराचे काम होते. एकाच दुकानात हे दोन्ही वर्ग हाताळावे लागतात, आणि जिल्ह्याच्या ठिकाणापासून दूर असलेल्या गावांत तर ते बहुधा एकाच माणसाच्या हातून होतात.

सुट्ट्या फुलांच्या कामाची हत्यारे मोजकी आहेत: वीतभर किंवा त्याहून लांब लोखंडी सुई, दोरा, कात्री, ओले गोणपाट आणि बांबूची करंडी. करंडीला आजही पर्याय सापडलेला नाही, याचे कारण फुलांच्या श्वसनात आहे. ढिगात पडलेली फुले श्वसन करताना उष्णता आणि वाफ बाहेर टाकतात. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत ती आतच कोंडली की मधली फुले काही तासांत काळी पडून गळू लागतात, तर करंडीच्या फटींतून ती निघून जाते आणि वरचे ओले गोणपाट भोवतालची हवा थंड ठेवते. पाणी फुलांवर नव्हे तर गोणपाटावर मारावे, हा जुन्या जाणत्यांचा दंडक याच कारणाने योग्य आहे, कारण पाकळ्यांमध्ये साचलेल्या पाण्यात बुरशी वाढते.

सुई कुठून घालायची हे प्रत्येक फुलाच्या रचनेवरून ठरते. झेंडूचे फूल म्हणजे वास्तविक शेकडो लहान फुलांचा गुच्छ असतो आणि ती सारी खालच्या हिरव्या वाटीत रोवलेली असतात. सुई या वाटीच्या मध्यातून वर काढली तर वाटी दोऱ्याला धरून राहते आणि फूल विस्कटत नाही, मात्र ती कडेने घातली तर हार गळ्यात पडण्याआधीच पाकळ्या सांडू लागतात. शेवंतीची वाटी पसरट आणि नाजूक असल्याने तिच्या बाबतीत हात हलका लागतो. गुलछडीची कळी, जिला पुस्तकी मराठीत निशिगंध म्हणतात, नळीसारखी लांबट असते. तिच्या नळीतून सुई लांबीने घालता येते किंवा नळीला आडवे टोचून कळ्या चक्राकार रचता येतात, आणि या दोन पद्धतींतून सडपातळ सर व जाड भरीव हार असे दोन वेगळे प्रकार तयार होतात. कुशल हात एकेक कळी दोऱ्यावर ढकलत बसत नाही. सुई भरेपर्यंत कळ्या तिच्यावर ओवून घेऊन मग त्या एकदम दोऱ्यावर सरकवल्या जातात. हाराखाली लोंबणारा गोंडा आणि मधोमध येणारे पदक स्वतंत्रपणे बांधून शेवटी जोडतात, कारण सबंध हाराचे वजन तिथे एकवटते आणि तिथला दोरा दुहेरी ठेवावा लागतो.

गजऱ्याला तर सुईही लागत नाही. मोगऱ्याच्या कळ्यांच्या जोड्या समोरासमोर ठेवून दोऱ्याचा फेरा बोटांनीच आवळला जातो. फेरा सैल पडला तर कळी निसटते आणि जास्त आवळला तर देठ चिरडून कळी न उमलताच पिवळी पडते. पहाटे खुडलेली मोगऱ्याची कळी संध्याकाळी उमलते, त्यामुळे सकाळी बांधलेला गजरा दिसायला कोवळा आणि गंधहीन असतो, आणि तो केसांत माळल्यावरच फुलावा हा अंदाज कारागिराला बांधावा लागतो. गुलछडीही अशीच रात्रीची आहे. तिचा गंध सूर्यास्तानंतर वाढतो, आणि हारासाठी तिच्या न उमललेल्या पण पूर्ण भरलेल्या कळ्याच घेतात, कारण उमललेल्या पाकळीला बोट लागले की ती तपकिरी पडते.

या फुलांपैकी बरीचशी मूळची येथील नाहीत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. झेंडू आणि गुलछडी मेक्सिकोतून आली, ॲस्टर चीनमधून आले, शेवंतीचे मूळही पूर्व आशियात आहे. आणि तरीही दसऱ्याचे तोरण झेंडूविना किंवा वेणी शेवंतीविना आज कल्पनेतही येत नाही. हार गुंफण्याची परंपरा तिच्यातल्या फुलांपेक्षा जुनी आहे आणि नव्या फुलाला सामावून घेण्याची तिची ताकद मोठी आहे. शास्त्रज्ञांनीही तिला हातभार लावला आहे: बंगळूरूजवळच्या हेसरघट्टा येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेने गुलछडीचे ‘शृंगार’ व ‘प्रज्वल’ हे वाण दिले, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने गुलछडीचा ‘फुले रजनी’ हा वाण दिला आणि ॲस्टरची ‘फुले गणेश’ या नावाची पांढऱ्या, गुलाबी व जांभळ्या छटांची मालिका दिली. एकेरी पाकळ्यांची गुलछडी हाराला आणि दुहेरी पाकळ्यांची फुलदाणीला, अशी विभागणी या वाणांमुळे अधिक पक्की झाली.

सुट्ट्या फुलांच्या कामाची खरी परीक्षा आषाढात होते. देहूहून निघालेला संत तुकाराम महाराजांचा पालखी सोहळा बारामतीत मुक्काम करतो. पुढे काटेवाडीला धोतरांच्या पायघड्या आणि मेंढ्यांचे रिंगण, सणसर, बेलवाडीचे गोल रिंगण, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर आणि सराटी अशा वाटेने नीरा ओलांडून तो सोलापूर जिल्ह्यात प्रवेश करतो. या दिवसांत रथासाठी, अश्वांसाठी, दिंड्यांच्या स्वागतासाठी आणि घरोघरच्या पूजेसाठी फुलांची मागणी एकदम उसळते, तर आभाळ भरलेले असल्याने फुले मात्र ओली येतात आणि ओले फूल ढिगात टिकत नाही. रथावरच्या सजावटीला वारा, रिमझिम आणि दर्शनासाठी पुढे होणारे असंख्य हात सोसावे लागतात. म्हणून तिथे नाजूक फुलापेक्षा घट्ट वाटीचे फूल आणि लोंबत्या सरीपेक्षा आवळून बांधलेली सर शहाणपणाची ठरते. याच परिसराच्या पलीकडे, माढा तालुक्यातील अरण येथे, संत सावता माळी यांची समाधी आहे. १२९५ मध्ये समाधिस्थ झालेल्या या संताने मळ्यातल्या कामालाच उपासना मानले, आणि फुलांचा व्यवसाय करणाऱ्या अनेक घरांत त्यांची प्रतिमा भिंतीवर असते ती याच श्रद्धेने.

काडीच्या फुलांचे शास्त्र वेगळे आहे. देठात केसाहून बारीक जलवाहिन्या असतात आणि पाकळ्यांतून पाणी उडून जात असताना त्या खालून पाणी ओढत राहतात. देठ कापताच या वाहिन्यांच्या उघड्या तोंडांतून हवा आत शिरते, हवेचा बुडबुडा वाटेत अडकतो आणि भरल्या बादलीत उभे असलेले फूल तहानेने मान टाकते. गुलाबाची मान वाकण्याचे हेच प्रमुख कारण आहे. त्यावर उपाय म्हणून दुकानात माल उतरताच देठाचा तळ दोन-तीन सेंटिमीटर पुन्हा कापतात, शक्य झाल्यास पाण्याखालीच कापतात, आणि काप तिरका घेतात, जेणेकरून देठ बादलीच्या तळाला चिकटून त्याचे तोंड बंद होणार नाही. कापण्यासाठी धारदार सुरी किंवा सिकेटर, म्हणजे स्प्रिंगची बागकात्री, वापरतात. बोथट कात्री देठ कापण्याऐवजी चेपते आणि चेपलेल्या वाहिन्या पाणी घेत नाहीत. पाण्यात बुडणारी पाने काढून टाकतात, कारण ती कुजून जिवाणू वाढवतात आणि हेच जिवाणू पुढे देठाचे तोंड बुजवतात. काटे काढण्याच्या चिमट्यानेही घाई केली तर साल सोलली जाते आणि त्या जखमेतून तीच कुज आत शिरते.

जर्बेराचा स्वभाव आणखी निराळा आहे. हे फूल झाडावरून कापत नाहीत, तर देठ हलकेच वळवून बुंध्यापासून उपटतात, आणि नंतर त्याची टणक, पाणी न शोषणारी टाच कापून टाकतात. त्याचा देठ पोकळ व केसाळ असल्याने खोल पाण्यात तो लवकर कुजतो, म्हणून जर्बेराला उथळ, स्वच्छ आणि किंचित क्लोरिन असलेले पाणी मानवते. पाकळ्या दुमडू नयेत म्हणून पॉलीहाऊसमध्ये, म्हणजे पातळ पारदर्शक आच्छादनाखालील शेतीत, प्रत्येक फुलाला पिशवीची टोपी घालूनच जुडी बांधतात. आणि मान तुटू नये म्हणून सजावटीच्या वेळी देठाला बारीक तार किंवा नळीचा आधार देतात. पॉलीहाऊसच्या तंत्राचे पद्धतशीर प्रशिक्षण पुणे जिल्ह्यातच, तळेगाव दाभाडे येथील राष्ट्रीय सुगी पश्चात तंत्रज्ञान संस्थेत मिळते, आणि पुष्पशेतीवर संशोधन करणारे भारतीय कृषी संशोधन परिषदेचे संचालनालयही पुण्यातच आहे.

पाण्याचा प्रश्न बारामती-इंदापुरात आणखी एका अंगाने पुढे येतो. कालव्याखालच्या काळ्या जमिनींत अतिसिंचनाने क्षार वर आले, आणि अनेक गावांतील विंधनविहिरींचे पाणी खारे व जड आहे. पाण्यातील क्षार फुलाच्या देठातही साठतात, आणि अल्कधर्मी पाण्यात जिवाणू सहज वाढतात. याउलट किंचित आंबट पाणी देठातून अधिक सुलभतेने वर चढते. फुले टिकवण्यासाठी बाजारात मिळणाऱ्या पुड्यांचे सारे रहस्य तीन घटकांत आहे: पेशींना अन्न म्हणून १ ते २ टक्के साखर, पाणी आंबट करण्यासाठी सायट्रिक आम्ल, आणि जिवाणू रोखणारे सौम्य जंतुनाशक. नुसती साखर घातली तर जिवाणूंचीच चंगळ होते, ही गोष्ट घरी फुलदाणी ठेवणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावी. बोअरच्या पाण्याऐवजी गाळलेले किंवा पावसाचे पाणी वापरले आणि त्यात लिंबाचा थोडा रस घातला, तरी या भागात फुलाचे आयुष्य वाढू शकते. माळेगाव खुर्द येथे २००९ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था दुष्काळ, उष्णता आणि क्षार यांचा पिकांवर होणारा परिणाम अभ्यासते. खुडलेले फूल हे त्याच तिन्ही ताणांखाली जगत असते.

आणखी एक शत्रू डोळ्यांना दिसत नाही. पिकणारी फळे इथिलीन नावाचा वायू सोडतात आणि तो फुलांना म्हातारे करतो. कार्नेशन त्याला सर्वांत लवकर बळी पडते, त्याच्या पाकळ्या आत मिटून झोपी गेल्यासारख्या दिसतात. मंडईत फूलविक्रेता आणि केळी-आंब्यांची गाडी शेजारी-शेजारी असणे हा म्हणूनच चांगला शेजार नव्हे. थंडाव्याचेही असेच तारतम्य लागते: गुलाब २ ते ४ अंश सेल्सिअसला उत्तम राहतो, मात्र उष्ण प्रदेशातून आलेले ऑर्किड त्याच शीतपेटीत काळवंडते.

लग्नाच्या सजावटीत हे सारे ज्ञान एका रात्रीत वापरावे लागते. आधीचा समारंभ संपून कार्यालय मोकळे होते ते संध्याकाळनंतर, आणि सकाळच्या मुहूर्ताआधी मंच, प्रवेशद्वार, वधूवरांची गाडी व हार तयार हवे असतात. आधी बांबू किंवा लोखंडाचा सांगाडा, मग कापड, मग पानांची भर आणि सर्वांत शेवटी फूल, असा क्रम असतो, कारण जे फूल सर्वांत उशिरा लागते तेच मुहूर्ताला ताजे दिसते. मिरवणुकांत क्रेनने उचलले जाणारे प्रचंड हार हाही अलीकडे याच कारागिरांच्या कामाचा भाग झाला आहे. त्यात मधला जाड दोर सारे वजन पेलतो आणि फुलांच्या सरी त्याच्यावर फक्त बसवलेल्या असतात. काही मिनिटांच्या स्वागतासाठी एवढी फुले आणि एवढे श्रम खर्ची पडावेत, हे प्रस्तुत लेखकाला पटत नाही; तेवढ्याच पैशांत अनेक घरांतल्या बायकांना वर्षभर हार-पुडीचे काम मिळू शकते. कारण हार ओवण्याचे काम बहुतांशी स्त्रिया करतात, तेही पुष्कळदा घरी बसून व नगावर, आणि दुकानाच्या पाटीवर त्यांचे नाव कधी येत नाही. पहाटे उठून ओल्या फुलांत तासन्‌तास बोटे भिजवणाऱ्या या हातांना कुशल कारागिराचा दर्जा आणि त्या दर्जाची मजुरी मिळायला हवी.

लग्नमंचावरच्या गुच्छांत फुले ज्या हिरव्या विटेत खोचलेली असतात ती अमेरिकेतील स्मिथर्स यांनी १९५४ मध्ये बाजारात आणली. एक वीट सुमारे दोन लिटर पाणी शोषते. तिला पाण्यात दाबून बुडवायचे नसते, तर पृष्ठभागावर सोडून आपोआप खाली जाऊ द्यायचे असते. दाबल्यास मध्यभागी कोरडी हवा राहते आणि नेमक्या त्या जागी खोचलेले फूल सुकते. सोय मोठी आहे, यात शंका नाही. परंतु ही वीट फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड यांपासून केलेले प्लॅस्टिक आहे, ती एकदाच वापरता येते, कुजत नाही, आणि चुरडली की तिचे बारीक कण गटारातून नदीत जातात. महाराष्ट्राने २०१८ मध्ये एकदा वापरून फेकण्याच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर आणि थर्माकोलच्या सजावटीवर बंदी घातली, तेव्हा मंडप सजवणाऱ्यांनी कापड, बांबू आणि कागद यांकडे वळून दाखवले. हिरव्या विटेच्या बाबतीतही तसे वळणे अवघड नाही. जपानी इकेबानात पितळी सुयांचे जड तबक पाण्याखाली ठेवून त्यावर देठ रोवतात आणि ते आयुष्यभर पुरते. आणि उजनी धरणाच्या पाण्यामुळे भीमाकाठच्या इंदापूरमध्ये केळीच्या बागा आहेत; घड उतरल्यावर जो खुंट शेतात पडून राहतो तो पाण्याने भरलेला असतो, त्यात देठ सहज रुततो, आणि फुले खोचण्यासाठी त्याचा वापर करण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. एका दिवसाच्या समारंभाला तो पुरेसा आहे, आणि दुसऱ्या दिवशी त्याचे खत होते.

हाराच्या दोऱ्याचेही तसेच आहे. सुती दोऱ्यात ओवलेला हार निर्माल्य झाल्यावर दोऱ्यासकट मातीत मिसळतो, तर नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा दोरा खताच्या खड्ड्यातून वर्षानुवर्षे निघत राहतो आणि चरणाऱ्या जनावरांच्या पोटात जातो. प्लॅस्टिकच्या फुलांनी तर शेतकरी, ओवणारी बाई आणि दुकानदार अशा तिघांचीही रोजी हिरावली आहे. येत्या लग्नसराईत कार्यालय ठरवताना सजावटीची फुले खरी असावीत, ती केळीच्या खुंटात किंवा पाण्याच्या भांड्यात खोचलेली असावीत आणि हार सुती दोऱ्यात ओवलेले असावेत, एवढ्या तीन अटी बारामती-इंदापूरच्या यजमानांनी आपल्या फूलवाल्याला आधीच सांगाव्यात. त्या पाळण्याचे कसब त्याच्या हातात आजही आहे.